बुडत्या कारखान्याला सरकारने हात द्यावा का?

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर रावेर मागे पडले की मध्य प्रदेशाची हद्द लागते. त्या बाजूचे पहिले मोठे शहर बऱ्हाणपूर. त्याच जिल्ह्यात, त्याच मार्गावर थोडे पुढे नेपानगर आहे. बऱ्हाणपुरात ताप्ती मिल ही कापडगिरणी, तर नेपानगरात वृत्तपत्रांच्या कागदाची ‘नेपा’ ही गिरणी. दोन्ही खासगी भांडवलातून जन्मल्या, दोन्ही अडचणीत सापडल्या आणि दोन्ही सरकारने पदरात घेतल्या. नेपाची यंत्रे सहा वर्षे बंद राहून २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली. ताप्ती मिलची यंत्रे मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती वर्षे लोटली तरी फिरली नाहीत.

संघटित कामगार असलेला मोठा कारखाना डबघाईला आला, तर सार्वजनिक पैशातून त्याला वाचवावे का, हा प्रश्न जगभर गाजला तो मोटार कंपन्यांच्या निमित्ताने. २००८-०९ मध्ये अमेरिकेने जनरल मोटर्स व क्रायसलर या कंपन्यांना दिलेला आधार आजही वादाचा विषय आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोटारी बनत नाहीत. पण सरकारी बचावाचे दोन वेगळे परिणाम एकाच जिल्ह्यात पाहायला मिळतात. गोव्याच्या वाचकालाही हा प्रश्न परका नाही. धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद पडले, तेव्हा कारखाना वाचवायचा की ऊस उत्पादक आणि कामगार, हाच पेच राज्यापुढे उभा राहिला होता.

‘आजारी’ उद्योगाची व्याख्या

भारतात अशा उद्योगांसाठी १९८५ मध्ये आजारी औद्योगिक कंपन्यांविषयीचा कायदा झाला. साचलेला तोटा कंपनीच्या भांडवल व गंगाजळीइतका किंवा त्याहून अधिक झाला, की ती कंपनी आजारी ठरे. अशा कंपन्यांची प्रकरणे ‘बीआयएफआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे जात. १९९१ च्या दुरुस्तीनंतर सरकारी कंपन्याही या मंडळाच्या कक्षेत आल्या. व्यवहारात मात्र अनेक प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली. कर्जदात्यांपासून संरक्षण मिळाले, पण उपचार झाले नाहीत. अखेर १ डिसेंबर २०१६ पासून हा कायदा रद्द होऊन त्याची जागा नादारी व दिवाळखोरी संहितेने घेतली.

दुसरी बाजू कामगार कायद्याची. औद्योगिक विवाद कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना सरकारच्या परवानगीवाचून बंद करता येत नसे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. परवानगीच्या या अटीमुळे मोठा कारखाना कायद्याने बंद होणे कठीण झाले, पण प्रत्यक्षात ठप्प होणे थांबले नाही. कागदोपत्री चालू आणि वस्तुतः बंद अशा स्थितीतील कारखाने देशभर दिसतात, त्याचे एक कारण येथे आहे.

नेपानगर : संरक्षित बाजार आणि त्यानंतर

नेपाची मूळ कंपनी १९४७ मध्ये खासगी उपक्रम म्हणून स्थापन झाली. प्रवर्तकांना प्रकल्प पूर्णत्वास नेता आला नाही, म्हणून १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे नेपाला पहिला सरकारी आधार मिळाला तो उत्पादन सुरू होण्याच्याही आधी. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास उत्पादन सुरू झाले आणि एप्रिल १९५६ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते गिरणीचे राष्ट्रार्पण झाले. १९५९ मध्ये नियंत्रण केंद्र सरकारकडे आले. वृत्तपत्रांचा कागद बनवणारी देशातील ही पहिली गिरणी. सातपुड्याच्या जंगलातील सालई आणि बांबू हा तिचा कच्चा माल होता. आरंभी वर्षाला ३० हजार टन असलेली क्षमता पुढे ८८ हजार टनांपर्यंत नेण्यात आली. गिरणीभोवती वसाहत, शाळा, रुग्णालय उभे राहिले, आणि जंगलाच्या कडेला एक नगर वसले. ते गिरणीच्याच नावाने ओळखले जाते.

या भरभराटीला सरकारी धोरणाचा टेकू होता. १९६२ च्या नियंत्रण आदेशाखाली वृत्तपत्रांना कागद कोट्याने मिळे, आणि परदेशी कागद आणायचा तर देशी कागदही घ्यावा लागे. वृत्तपत्रांच्या पानांवर मर्यादा घालणारे त्या काळचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात रद्द ठरवले; पण देशी गिरणीला हमखास गिऱ्हाईक मिळवून देणारी व्यवस्था पुढेही टिकली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास आयात खुली झाली आणि हे छत्र गेले. जुनी यंत्रे, महागडी ऊर्जा, दुर्मीळ होत चाललेले लाकूड आणि स्वस्त परदेशी कागद यांपुढे नेपा टिकेना. त्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी बीआयएफआरच्या दारात पोहोचली.

पुनरुज्जीवनाच्या आराखड्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती २०१२ मध्ये. नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये उत्पादन थांबवण्यात आले. काम लांबले, खर्च वाढला, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे ४६९ कोटी रुपयांची नवी तरतूद करावी लागली. तीत भागभांडवल, कर्ज आणि कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीचा खर्च अशा तिन्ही गोष्टी होत्या. २३ ऑगस्ट २०२२ रोजी गिरणीचे पुन्हा उद्घाटन झाले. आता तिची क्षमता वर्षाला सुमारे एक लाख टन आहे, कच्चा माल रद्दी कागदाचा आहे, आणि वृत्तपत्राच्या कागदाबरोबर लेखन-छपाईचा कागदही बनवण्याची सोय आहे.

हे यश खरे, पण त्यात एक काळजीची बाब दडलेली आहे. आजार दिसला नव्वदीत, औषध ठरले २०१२ मध्ये आणि रोगी उठून बसला २०२२ मध्ये. दरम्यान बाजारच बदलला. करोनाकाळात छापील दैनिकांची पाने व खप घटले आणि वाचक पडद्याकडे वळला. प्रस्तुत लेखही वाचक पडद्यावरच वाचत आहेत. वृत्तपत्राच्या कागदावर उभ्या राहिलेल्या नगराला वाचवताना त्या कागदाचे भवितव्य काय, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. छपाईच्या कागदाची जोड हे त्याचे अंशतः उत्तर आहे. ते पंधरा वर्षे आधी मिळाले असते तर खर्चही कमी झाला असता आणि हातही कमी रिकामे झाले असते.

ताप्ती मिल : वाचवलेली, पण सोडवलेली नाही

बऱ्हाणपूरचे कापड मोगल काळापासून नावाजलेले. त्याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती मिल उभी राहिली. सत्तरीच्या दशकापर्यंत देशातील अनेक कापडगिरण्या मोडकळीस आल्या होत्या. १९७४ च्या कायद्याने १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे ‘एनटीसी’कडे सोपवण्यात आल्या. ताप्ती मिल त्यांपैकी एक. मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर १९८३ मध्ये तेथील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले, आणि १९९५ मध्ये त्यांचेही राष्ट्रीयीकरण झाले. महामंडळाकडील गिरण्यांची एकूण संख्या ११९ वर गेली.

हेतू रोजगार वाचवण्याचा होता. परंतु राष्ट्रीयीकरणाने मालक बदलला, माग बदलले नाहीत. गिरण्यांच्या आजाराचे मूळ कारण म्हणजे यंत्रमागांची स्पर्धा. गिरणीत कामगाराला कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि ठरलेले वेतन मिळे. गल्लीतल्या यंत्रमागावर तेच कापड कितीतरी कमी खर्चात निघे. सरकार तोटा भरून देत राहिले आणि आधुनिकीकरण पुढे ढकलत राहिले. या शतकाच्या आरंभी पुनर्रचनेची योजना आली, तेव्हा सत्तरहून अधिक गिरण्या कायमच्या बंद कराव्या लागल्या आणि हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. आधुनिकीकरणाचा पैसा गिरण्यांच्या जमिनी विकून उभारण्यात आला. मुंबईच्या गिरणगावातील जमिनींचे सौदे त्याच योजनेचा भाग होते. शेवटी देशात २३ गिरण्या चालू राहिल्या. मध्य प्रदेशात त्यांपैकी दोन, भोपाळची न्यू भोपाळ मिल आणि बऱ्हाणपूरची ताप्ती मिल.

म्हणजे ताप्ती मिल ही बचावलेल्यांतही बचावलेली. तरीही मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तशा या २३ गिरण्या थांबल्या आणि टाळेबंदी उठल्यावरही उघडल्या नाहीत. कामगारांना पूर्ण वेतनाऐवजी वेतनाचा काही भाग मिळत राहिला. गिरणी सुरू करा, नाहीतर हिशेब पूर्ण करा, अशा मागण्या घेऊन बऱ्हाणपुरात आंदोलने झाली. ज्याचा कारखाना रीतसर बंद होतो, त्याला भरपाई मिळते आणि तो दुसरीकडे काम शोधतो. ज्याचा चालू असतो, त्याला पगार मिळतो. ताप्ती मिलच्या कामगाराला यांपैकी काहीच पूर्णपणे मिळाले नाही.

डेट्रॉइट आणि लाँगब्रिज

आता मोटारींकडे वळू. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जनरल मोटर्स व क्रायसलर यांना १७.४ अब्ज डॉलरचे तातडीचे कर्ज जाहीर केले. मार्च २००९ मध्ये ओबामा प्रशासनाने दोन्ही कंपन्यांचे सुधारणा आराखडे अपुरे ठरवून परत पाठवले. क्रायसलरला ३० दिवसांची आणि जनरल मोटर्सला ६० दिवसांची मुदत दिली, आणि जनरल मोटर्सच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. पुढे दोन्ही कंपन्या दिवाळखोरी न्यायालयातून नव्या रूपात बाहेर पडल्या. पाँटिॲक, सॅटर्न, हमर ही नावे बंद झाली, अनेक कारखाने व विक्रेते गेले. अमेरिकी तिजोरीने जनरल मोटर्समध्ये सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले होते. डिसेंबर २०१३ मध्ये शेवटचे समभाग विकून सरकार बाहेर पडले, तेव्हा त्यांतले सुमारे ३९ अब्ज परत आले होते.

या व्यवहारात मोटार कामगारांची संघटना पक्षकार होती. तिने नव्या कामगारांसाठी कमी वेतनश्रेणी मान्य केली, काही वर्षे संप न करण्याचे वचन दिले, आणि निवृत्तांच्या आरोग्य निधीचे देणे रोख रकमेऐवजी अंशतः समभागांत स्वीकारले. नव्या जनरल मोटर्समध्ये या निधीचा वाटा १७.५ टक्के होता. त्याची किंमत मात्र नंतर आलेल्या तरुण कामगारांनी दिली. एकाच पट्ट्यावर, एकाच कामाला दोन वेतने, हे दुखणे पुढे १४ वर्षे धुमसत राहिले आणि २०२३ च्या मोठ्या संपाच्या प्रमुख कारणांपैकी एक ठरले.

ब्रिटनचा अनुभव उलट आहे. तेथे १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँडचे राष्ट्रीयीकरण झाले. कंपनीत संप वारंवार होत. जुनी मॉडेले आणि ढिसाळ व्यवस्थापन हेही तितकेच खरे होते. सरकारने पैसा ओतला, पण कोणते कारखाने ठेवायचे आणि कोणते नाहीत, याचा निर्णय लांबत गेला. १९८८ मध्ये कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकली, १९९४ मध्ये ती बीएमडब्ल्यूकडे गेली, आणि एप्रिल २००५ मध्ये तिचा उरलेला वारस एमजी रोव्हर कोसळला. लाँगब्रिज येथील कारखान्याचे दरवाजे बंद होऊन हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तीस वर्षे विकत घेतली, पण त्यांचा उपयोग झाला नाही.

आपल्याकडच्या मोटारी

भारत सरकारनेही एकदा बुडालेली मोटार कंपनी घेतली आहे. मारुती लिमिटेड दिवाळखोरीत गेल्यावर १९८० च्या कायद्याने तिची मालमत्ता सरकारने संपादन केली, १९८१ मध्ये मारुती उद्योगची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी सुझुकीशी करार झाला. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. २००२ मध्ये सरकारने नियंत्रण सुझुकीकडे सोपवले आणि २००७ पर्यंत उरलेले समभागही विकले. येथे सरकारने जुनी कंपनी जशीच्या तशी जिवंत ठेवली नाही. नवे तंत्र, नवा भागीदार आणि नवी मोटार आणली, आणि काम झाल्यावर अंग काढून घेतले.

ॲम्बॅसडर बनवणाऱ्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात मे २०१४ मध्ये काम थांबले, ते सरकारने वाचवले नाही. मुंबईच्या टॅक्सीची ओळख बनलेली प्रीमियर पद्मिनी त्याआधीच, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाली होती. विलक्षण योग असा, की अमेरिकी करदात्यांनी वाचवलेल्या जनरल मोटर्सने २०२० च्या अखेरीस पुण्याजवळील तळेगावचा कारखाना बंद केला. तेथील कामगार संघटनेला भरपाईसाठी दीर्घ लढा द्यावा लागला, आणि कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. कंपनी वाचली म्हणून तिचा प्रत्येक कामगार वाचतो असे नाही, याचा याहून जवळचा दाखला मराठी वाचकाला शोधावा लागणार नाही.

संघटनांचा दोष किती?

अशा मदतीच्या विरोधकांचा रोख बहुधा संघटनांवर असतो. वेतन वाढवून घेतले, शिस्त मोडली, यंत्रांना विरोध केला आणि आता सरकारपुढे हात पसरले, असा तो युक्तिवाद. त्यात तथ्यांश आहे. लेलँडमधील संपांनी कंपनीचे नुकसान केले, हे नाकारता येत नाही. परंतु डेट्रॉइटच्या ‘जड’ वेतनखर्चातला मोठा भाग निवृत्तांच्या आरोग्य विम्याचा होता, कारण अमेरिकेत हा भार सरकारऐवजी मालकावर टाकलेला होता. नेपाचे कामगार असंघटित असते, तरी जुनी यंत्रे आणि आयातीचा लोंढा तसाच राहिला असता. ताप्ती मिलमध्ये तर निर्णयाचा अधिकार पाच दशके सरकारकडेच होता.

उलट, संघटना असण्याचा बचावाच्या वेळी एक लाभ असतो. सर्वांच्या वतीने त्यागाचा करार कुणीतरी करू शकते आणि तो पाळला जातो. १९७९-८० मध्ये क्रायसलरला दीड अब्ज डॉलरची सरकारी कर्जहमी मिळाली, तेव्हा संघटनेने वेतनकपात स्वीकारली आणि तिचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. कंपनीने १९८३ मध्ये मुदतीआधी कर्ज फेडले, आणि हमीच्या बदल्यात मिळालेल्या समभाग-हक्कांवर सरकारला नफाही झाला.

यंत्रमागवाल्याचा प्रश्न

विरोधकांचा अधिक बळकट मुद्दा न्यायाचा आहे, आणि त्यासाठी बऱ्हाणपूरसारखे दुसरे उदाहरण नाही. ताप्ती मिलच्या बंद दारापासून फार दूर न जाता यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तेथला कामगार नगावर वा मीटरवर राबतो. मंदी आली, सूत महागले, वीज गेली, तर त्याची मजुरी त्याच दिवशी बुडते. त्याच्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक होत नाही. तो साबण घेतो, चहा घेतो, त्यावर कर भरतो, आणि तो कर मोठ्या कारखान्याचा तोटा भरायला जातो. मोठे असणे हीच मदतीची पात्रता ठरली, तर लहानांनी काय करावे?

या प्रश्नाला ‘मग कुणालाच मदत नको’ हे उत्तर पुरेसे नाही. कारखाना वाचवणे आणि कामगार वाचवणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, हे आधी मान्य करायला हवे. पहिले सशर्त आहे. संकट तात्पुरते असेल, मालाला उद्याही गिऱ्हाईक असेल, आणि व्यवस्थापन, धनको व कामगार तिघेही आपला वाटा सोडायला तयार असतील, तरच सरकारने तेथे पैसा घालावा; तोही मुदत ठरवून आणि बाहेर पडण्याची वाट आखून. दुसरे कर्तव्य बिनशर्त आहे. थकीत वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान, नवे कौशल्य आणि मधल्या काळातला आधार हे गिरणीच्या कायम कामगाराइतकेच यंत्रमागावरच्या माणसाचेही हक्क असले पाहिजेत. दिवाळखोरी संहितेने अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे देणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने धरले आहे आणि भविष्य निर्वाह निधी अवसायनाच्या मालमत्तेबाहेर ठेवला आहे. ही सुरुवात आहे. पण ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

ही दोन कर्तव्ये एकमेकांत मिसळली, की कामगाराचे नाव घेऊन तोट्याची कंपनी पोसली जाते, आणि कंपनी बंद करता येत नाही म्हणून कामगार अडकून पडतो. ताप्ती मिलमध्ये हेच झाले. नेपामध्ये उशिरा का होईना निर्णय झाला; त्याचे फळ टिकाऊ आहे की नाही, हे कागदाचा बाजार ठरवील. संजीवनीसारख्या कारखान्याविषयी गोव्यात जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो सर्वांत महाग पडतो. ताप्ती मिलमध्ये दरवर्षी काही कामगार निवृत्तीच्या वयाला पोहोचतात आणि पटावरील संख्या तेवढी घटते. प्रश्न असाच आपोआप लहान होत राहिला, तर एके दिवशी तो फाइलीतून नाहीसा होईल, आणि त्याला कुणी सुटलेला प्रश्न म्हणणार नाही.